दरसाली हातभर

सोमवार, १२ फेब्रुवारी २००१

पोचले, आणि फार खुशीत आहे. भोरच्या एस.टी.ने फाट्यावर सोडलं. पुढचे दोन किलोमीटर मौलालीच्या टेम्पोत, मागे हौद्यात, वाळ्याच्या रोपांच्या गोण्यांशेजारी बसून आले. पुढची सीट रिकामी असताना साठीच्या बाईने मागे का बसावं, हे त्याला कळेना. म्हटलं, मला रोपांवर लक्ष ठेवायचंय, तुझ्यावर नाही. हसला. किकवीचा आहे, पस्तिशीचा. माल आणि मजूर दोन्ही तोच आणणार. माणूस बरा वाटतो.

करंजतळ म्हणजे धरणाच्या फुगवट्यावरची चौदा घरांची वाडी. तीन बाजूंना डोंगर, खाली निळं पाणी, आणि पाणी व वाडी यांच्यामध्ये तांबड्या मातीचा उघडा, खचलेला कडा. पावसाळ्यात पाणी चढतं, लाटा पायथा पोखरतात, वरची माती कोसळते. दरवर्षी हातभर जमीन जाते.

नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी कोकणात खाडीकाठी काढली. भरतीने खाल्लेल्या खाजणांत खारं गवत पुन्हा लावलं. साहेबलोकांच्या दगडी भिंती तीन पावसाळ्यांत आडव्या झाल्या, माझं गवत अजून उभं आहे. ते पाहूनच पुण्याची एक संस्था हे काम घेऊन माझ्याकडे आली. इथे पाणी गोडं, आणि भरती-ओहोटी वर्षातून एकदाच. बाकी तत्त्व तेच: माती मुळांनी धरायची.

उतरले आहे फुलाबाईंकडे. सत्तरीच्या, विधवा, मूठभर हाडांच्या. मुलगा मधू भोरला कचेरीत कारकून आहे. त्याने आईच्या जुन्या घराला पुढे सिमेंटची एक खोली जोडली आहे, ती मला दिली. हे घर कड्याला सगळ्यांत जवळ. आल्या आल्या टेप लावली. उंबरठ्यापासून कड्यापर्यंत अकरा फूट चार इंच. फुलाबाईंनी आयुष्यात दोनदा घर मोडून वर नेलंय. म्हणाल्या, बाई, तिसऱ्यांदा न्हाई व्हायचं माज्याच्यानं. मी सांगितलं, मोडावं लागणार नाही. या पावसाळ्यात घर जागच्या जागी राहील. शब्द दिला. त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला.

मंगळवार, २० फेब्रुवारी

काम सुरू झालं. आधी कडा तासून उतरता केला, कारण उभ्या मातीत कुठलंच गवत टिकत नाही. आता फुलाबाईंच्या अंगणापासून पाण्यापर्यंत एकसारखा उतार आहे, हातगाडी खाली नेता येईल असा. वरच्या भागात वाळा, मध्ये शेरणीची झुडपं, खाली पाण्यालगत लव्हाळा. पाणी जसजसं उतरेल तसतशा आपण ओळी खाली न्यायच्या.

मजूर बायका पाली गावच्या. करंजतळचं एक माणूस कामाला येईना. हाताला काम नाही म्हणून रडतात आणि दारात काम आलं की पारावर बसून बघतात. मी त्यांना हे ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. एक म्हातारी म्हणाली, बाईची जीभ लई तिखट, आईला डोहाळं मिरच्यांचं लागलं हुतं जणू. बाकीचे हसले. मीही हसले असते, पण मग त्यांना वाटलं असतं की मी निवळले.

एक गोष्ट खटकते. पलीकडच्या तीरावर आपोआप उगवलेला लव्हाळा कमरेएवढा आहे. इथे तोच गाळ, तीच ओल आणि काडी नाही. वाडीतले जाणते म्हणजे कोंडिबा, फुलाबाईंचे थोरले दीर, ऐंशीच्या घरातले. त्यांना विचारलं. म्हणाले, शेळ्या खात्यात. वाडीत शेळ्या चार. चार शेळ्यांनी अर्धा मैल किनारा चाटूनपुसून ठेवला असेल, तर शासनाने त्यांचा सत्कार करावा.

शनिवार, १० मार्च. धुळवड

शेळ्या नव्हेत. माणसं.

सकाळी प्रत्येक घरातून एकेक जण निघाला, अनवाणी, एक शब्द न बोलता. मला वाटलं रंग खेळायला चाललेत. खाली उतारावर ओळीने बसले आणि माझी रोपं मुळासकट उपटायला लागले. घाई नाही, राग नाही. खळ्यावर धान्य निवडावं तसं. उपटलेलं गवत पाण्यात सोडत होते.

मी ओरडत खाली धावले. कुणी मान वर केली नाही. चार ओळी गेल्या. म्हणजे वर्षानुवर्षं हे लोक स्वतःच्या हाताने किनारा उघडा करतात आणि मग जमीन वाहून जाते म्हणून अर्ज करतात. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी असा नतद्रष्टपणा पाहिलेला नाही.

फक्त फुलाबाई गेल्या नाहीत. अंगणात उभ्या राहून पदराचं टोक चावत होत्या. त्यांच्या घरातून कुणीच गेलं नाही, असं हे पहिलंच वर्ष म्हणे. माझ्या शब्दावर विसंबून.

सोमवार, १२ मार्च

काल भोरला जाऊन तक्रार दिली. आज दोन हवालदार येऊन दम देऊन गेले: पुन्हा गवताला हात लावला तर प्रत्येकाचं नाव लिहून घेऊ. मग कोंडिबा माझ्याकडे आले. ओसरीवर बसून तंबाखू मळत त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, संस्थेला पाठवायला उपयोगी पडेल.

जुनं करंजतळ खाली, पाण्यात आहे. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा गाव वर आलं, पण अकरा म्हातारी माणसं उठेनात. आपापल्या उंबऱ्यावर बसून राहिली. म्हणाली, गावची पांढरी सोडून आमी येत न्हाई, तुमीबी आमाला सोडून जायाचं न्हाई. कोंडिबांच्या वडिलांनी आणि बाकी कर्त्या माणसांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून शब्द दिला, आमी येतो मागनं. एकदम न्हाई जमायचं. दरसाली हातभर. कोंडिबा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांची आजी त्या अकरांत होती. पाणी गळ्याशी आलं तरी ती त्यांच्याकडे बघून मान हलवत होती, असं त्यांना आठवतं.

म्हणून गवत उपटायचं. म्हणजे माती सुटते, वाडी हातभर खाली जाते, शब्द पाळला जातो. घरं वर सरकवायची ती मागच्या दाराने, खालच्यांच्या नकळत. कोंडिबा म्हणाले, आमी चाललोयच की बाई, निस्तं सावकाश चाललोय.

मी त्यांना स्पष्ट सुनावलं. जुनं गाव अर्धा मैल खाली. हातहात करत पोचायला हजारांवर वर्षं लागतील, हे त्या कर्त्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. ही श्रद्धा नाही, बुडणाऱ्या आईबापांना दिलेली थाप आहे, आणि तुम्ही तीन पिढ्या ती थाप गिरवताय. कोंडिबांचा चेहरा उतरला. मग मला नाही, आत फुलाबाईंना म्हणाले, फुला, बाईच्या नादानं तू हात आखडलास. आता वाट बगून बगून खालच्यांनीच न्यायचं ठरवलं तर तुज्या दारापास्नं सुरू करत्याल.

फुलाबाई आतून म्हणाल्या, भावजी, तुमचं घर वर हाय म्हणून तुमाला शब्द पाळाया सोपं जातं. मला टाळी द्यावीशी वाटली.

सोमवार, ९ एप्रिल

गवत असं लागलंय की माझाच विश्वास बसत नाही. वाळा दोन महिन्यांत कमरेला. पाणी उतरतंय आणि लव्हाळा त्याच्या मागोमाग आपणहून खाली चाललाय. गेल्या आठवड्यापासून आम्ही एकही ओळ लावलेली नाही, तरी ओळी आहेत. सरळ, आखल्यासारख्या.

मुळं पाहायला खड्डा घेतला. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, शेरणीची चारी बाजूंना पसरतात. इथली सगळी एकाच दिशेला, उताराकडे, बोटभर जाड, पांढरी आणि ताठ ओढलेली. ओझं बांधलेल्या दोरासारखी. एकावर पहार टेकवली. मागे घरात भांडं वाजलं.

पालीच्या बायकांनी खड्डा बुजवायला लावला.

शुक्रवार, २७ एप्रिल

टेप लावली. अकरा फूट एक इंच. कड्याची माती कणभरही सुटलेली नाही.

पुन्हा मोजलं. तेच. कुणीतरी कड्यावरच्या माझ्या खुंट्या हलवल्या असणार. वाडीतला उद्योग. पारावर जाऊन मी चारचौघांत कोंडिबांना विचारलं, या वयात शोभतं का. ते म्हणाले, खुंटी न्हाई हलली बाई. मागल्या बाजूनं मोजा.

घराच्या मागच्या भिंतीपासून कडुलिंबापर्यंत मी फेब्रुवारीत मोजलेलं सहा फूट. आता सहा फूट तीन इंच.

मंगळवार, १५ मे

कड्यापर्यंत सात फूट. कडुलिंबापर्यंत दहा फूट चार इंच.

संस्थेने एक इंजिनिअर पाठवला. घराखालची जमीन एकसंध घसरतेय, म्हणाला. मग भिंतीला तडा का नाही, विचारलं. पाया पाहू म्हणून त्याने जोत्याजवळ उकरलं. खाली माती नव्हती. पांढरी मुळं होती, चटईसारखी विणलेली, आणि घर त्यांच्यावर ठेवलेलं. त्याने हात झटकले आणि चहा न घेता गेला. घर रिकामं करा, असं लिहून देतो म्हणाला.

मी फुलाबाईंच्या पाया पडून सांगितलं, मधूकडे जाऊ. हसल्या. म्हणाल्या, किती अलगद चाललंय बाई, हंड्यातलं पाणीबी हिंदकळत न्हाई. मोडावं न्हाई लागत. दोनदा मोडून नेलं तवा कंबर मोडली माजी.

तुम्हाला कळतंय का ते कुठे चाललंय, मी विचारलं.

खाली, म्हणाल्या. शेजार हाय खाली.

वाडी रिकामी व्हायला लागली. कोणी आंबवड्याला, कोणी किकवीला, मिळेल त्या नातेवाइकाकडे. कोंडिबा जाताना माझ्याजवळ थांबले. मला वाटलं टोमणा मारतील. म्हणाले, बाई, गवत उपटा. जमंल तेवडं उपटा. हवालदाराला आमी न्हाई सांगत.

रविवार, ३ जून

घर कड्यावरून उतारावर आलंय. मीच तासून दिलेल्या उतारावर. माझ्या खोलीची फरशी कलायला हवी होती. सपाट आहे. खिडकीतून दिसतं, गवत पुढे बाजूला होतं आणि मागे मिटतं. एक काडी मोडत नाही.

मी दोन रात्री वर वाडीच्या शाळेत झोपले. झोप आली नाही. ती बाई माझ्या शब्दावर विसंबून तिथे बसलीय. परत आले.

शनिवार, ९ जून

मधू आला, मौलाली आला, बरोबर आणखी दोघं. फुलाबाई उंबरठ्यावर बसल्या होत्या. मधूने आईला उचलायला हात घातले. उचलता येईना. चौघांनी धरलं. मूठभर हाडांची बाई! ओल्या वाळूच्या पोत्यासारखी जड. त्या हसत होत्या, गुदगुल्या व्हत्यात म्हणत होत्या. मधू रडायला लागला तेव्हा त्याच्या केसांतून हात फिरवला. त्याच्या केसांत गाळ लागला.

मग आम्ही गवत उपटायला बसलो, पाचही जण. नुसती पाती हातात येत होती. मुळांना कुदळ लागत नाही, कोयता लागत नाही. मौलालीने दोर बांधून टेम्पोने ओढलं. टेम्पो मागे आला.

दुपारी थांबलो. माझ्या तळहातांची सालं निघालीत. मधू भोरहून जेसीबी आणायला गेलाय. मौलाली म्हणाला, बाई, तुमी चला, तुमी काय बसलात हितं. मी म्हटलं, मी लावलंय हे.

त्याने दोर सोडून माझ्यापाशी ठेवला. रोज वर पारापाशी येऊन हॉर्न वाजवेन म्हणाला, खाली टेम्पो घालणार नाही.

गुरुवार, १४ जून

जेसीबी उतरत नाही. चालक वर आला, बघितलं, परत गेला. मधूने दुसरा शोधतो म्हणून निरोप पाठवला.

रोज दीडशे-दोनशे फूट जातोय. मोजणं सोडलं.

पाणी तळाला गेलंय. खालून जुनं गाव निघालं. जोती, दगडी गल्ली, एक उखळ. गल्लीच्या दोन्ही अंगांना अकरा घरांची जोती. मध्ये एक जागा मोकळी. कोणी झाडून ठेवलेली.

गुरुवार, २१ जून

आलो.

दुपारी बारा वाजता घर त्या जागेत बसलं. आवाज झाला नाही. चारी बाजूंनी बरोबर. बोट घालायला फट नाही.

फुलाबाई गल्लीतल्या जोत्यांकडे बघून बोलत असतात. नावं घेऊन. आजेसासूबाई, थोरल्या आजीबाई, म्हातारबा. ज्यांना त्यांनी कधी पाहिलं नाही. मध्येच थांबतात, ऐकतात, हसतात. मला म्हणाल्या, त्या इचारत्यात, बाई कोणत्या घरची? म्या सांगितलं, आमचीच.

मी खिडकी लावून घेतली. उजेड आहे भर दुपारचा. जोत्यांवर कोणी नाही. पण प्रत्येक जोत्याच्या उंबऱ्यावर माती ओली आहे, बसून उठल्यासारखी.

रविवार, २४ जून

घाटमाथ्यावर धो धो चाललंय. पाणी चढतंय. गल्लीच्या टोकाशी आलं.

मी दोर फुलाबाईंच्या कमरेला बांधला. ओढला. काचून त्यांच्या लुगड्यात रुतला, त्या हलल्या नाहीत. अंगात बोट गेलं माझं — त्यांच्या दंडात — चिखलात जावं तसं. रक्त नाही. त्या म्हणाल्या, असू द्या बाई, दमलात.

मी त्यांना म्हटलं, मला माफ करा. आयुष्यात फार कमी वेळा म्हटलंय हे.

म्हणाल्या, कशापायी. तुमी म्हणालात घर जाणार न्हाई. कुठं गेलं? उलट पोचलं की.

हॉर्न. मौलाली. मी जाऊ शकते. दार उघडं आहे, उतार दिसतोय, पाय चांगले आहेत. मी गेले, तर हिच्यासमोर गुडघाभर पाण्यात उभं राहून मी काय म्हणू. मागनं येते म्हणू?

सोमवार

पाणी घोट्याला. खोलीत.

फुलाबाईंनी माझा हात धरला. डावा. उजव्याने लिहिते आहे. वही खिडकीच्या कट्ट्यावर. हात थंड, मऊ, बोटं माझ्या बोटांत — कुठे त्यांची संपतात —

गुडघ्याला.

समोरच्या जोत्यांवर बसलेत. अकरा. दिसतात आता, पाण्यातून सरळ दिसतात. तोंडं घराकडे नाहीत. वर, वाडीकडे. रागावलेले नाहीत. वाट बघतायत नुसती. वर तेरा घरं आहेत अजून, आणि गवत तिथवर —

ते उपटा. कोणीतरी खाली येऊन — मधूला सांगा, कोंडिबांना सांगा, धुळवडीची वाट बघू नका. वाळा नाही, त्याच्या खालचं पांढरं. मी लावलं नाही ते, पण मी —

हॉर्न. पुन्हा. जवळ आलाय, उतारावर. टेम्पो खाली घालतोय मूर्ख. त्याला ओरडून सांगायला हवं, थांब, खाली येऊ नको. हाक मारायला तोंड उघडते आहे तर जिभेवर गाळ —